जुन्या पाणबुडी कमांडरचं करिअर शोधायचं कसं, हॉलब्रुकचं उदाहरण घेऊन

पाणबुड्यांच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या एखाद्या कमांडरबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक ठिकाणी त्याचा एकच दिवस सांगितलेला असतो. अमुक तारखेला आत शिरला, टॉर्पेडो मारला, जहाज बुडालं, पदक मिळालं, विषय संपला. पण त्या दिवसाआधी तो माणूस किती वर्षं नोकरी करत होता, कुठल्या बोटीवर शिकला, कोणाच्या हाताखाली होता, नंतर त्याचं काय झालं, हे सगळं कुठंय? मला गेली काही वर्षं हेच शोधायचा नाद लागलाय आणि रविवारची दुपार बहुतेक त्यातच जाते, त्यामुळे जे हाताला लागलं आणि जिथं चुकलो ते सगळं इथं लिहून काढतोय. ब्रिटिश नौदलाबद्दलच लिहितोय कारण त्यांची कागदपत्रं सगळ्यात जास्त उघडी आहेत आणि घरी बसून मोबाईलवर बघता येतात. बेताचं इंग्लिश वाचता आलं आणि जुनं हस्ताक्षर लावायचा पेशन्स असला की झालं.

उदाहरण म्हणून एकच माणूस शेवटपर्यंत धरतो, नॉर्मन डग्लस हॉलब्रुक. जन्म ९ जुलै १८८८, पोर्ट्समथच्या साउथसी भागातला, म्हणजे नौदलाच्या अंगणातलाच. १३ डिसेंबर १९१४ ला त्याने बी-११ नावाची पाणबुडी डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीत (तुर्कस्तानातली, एजियन आणि मारमारा समुद्रांना जोडणारी चिंचोळी वाट) नेली आणि तुर्कांची मेसुदिये ही युद्धनौका बुडवली, आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळवणारा तो पहिला पाणबुडीवाला ठरला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि हुद्दा फक्त लेफ्टनंट.

आता माझं ठाम मत सांगतो, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. पदक शेवटी बघा, आधी बोट बघा. बोट कळली नाही तर कमांडरने काय केलं ते कळतच नाही, नुसतं "शूर होता" एवढंच हातात राहतं, आणि शूर तर सगळेच होते.

आधी बोट

बी-११ ही १९०६ सालची, बॅरोच्या व्हिकर्स यार्डात बांधलेली. लांबी साधारण ४३ मीटर, वजन पाण्यावर तीनशे टनांच्या आत, पुढच्या बाजूला टॉर्पेडोच्या दोन नळ्या, माणसं १५ च्या आसपास. वर चालताना पेट्रोलचं इंजिन, पाण्याखाली बॅटरी. पेट्रोल हा शब्द वाचून क्षणभर थांबा. बंद लोखंडी पिंपात पेट्रोलचं इंजिन म्हणजे वाफ साठणार, माणसं गुंगणार, आणि एखादी ठिणगी पडली तर स्फोट. १९०५ मध्ये आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात ए-५ या पाणबुडीत असा स्फोट झालाच होता. म्हणून त्या काळात बोटीत पांढरे उंदीर ठेवायचे, हवा बिघडली की त्यांच्यावर आधी परिणाम दिसायचा.

आणि १९१४ साल येईपर्यंत ही बोट जुनी झाली होती. तोपर्यंत ब्रिटिशांकडे डिझेलवर चालणाऱ्या ई-क्लासच्या बोटी आल्या होत्या, लांबी ५५ मीटर, माणसं ३०, वजन दुपटीहून जास्त. म्हणजे हॉलब्रुक जे घेऊन आत गेला ते त्या वेळच्या हिशोबानेही मागच्या पिढीचं होतं. हे कळलं की १३ डिसेंबरचा दिवस वेगळाच दिसायला लागतो.

बोट शोधताना तीन गोष्टी लिहून घ्या: कधी कमिशन झाली (म्हणजे नौदलाच्या सेवेत अधिकृतपणे आली), कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आपला माणूस तिचा कमांडर होता, आणि शेवटी तिचं काय झालं. मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण बोट तीच राहते आणि कमांडर बदलत राहतात. बी-११ पुढे भूमध्य समुद्रातून एड्रियाटिकमध्ये गेली, नंतर तिची पाणबुडी म्हणून नोकरी संपवून तिला वरून चालणारी गस्ती बोट केलं, हे सगळं हॉलब्रुकच्या खात्यात टाकायचं नाही. तसंच तिची बहीण बी-१०, व्हेनिसमध्ये ऑगस्ट १९१६ ला विमानातून पडलेल्या बॉम्बने बुडाली, विमानहल्ल्यात बुडालेली पहिली पाणबुडी म्हणून तिचं नाव घेतात, ती दुसरी बोट आणि दुसरी माणसं.

इथं माझी एक मोठी चूक सांगतो. मी सुरुवातीला वहीत बी-११ आणि ई-११ एकत्र करून टाकल्या होत्या. दोन्ही "११", दोन्ही डार्डनेल्समध्ये, दोन्हींच्या कमांडरला व्हिक्टोरिया क्रॉस. पण ई-११ चा कमांडर मार्टिन नॅस्मिथ, ती पुढच्या वर्षी म्हणजे १९१५ च्या मे महिन्यात सामुद्रधुनी ओलांडून थेट मारमाराच्या समुद्रात गेली. दोन महिने माझा तक्ता चुकीचा होता. तेव्हापासून मी बोटीचं नाव कधीच नुसत्या आकड्याने लिहीत नाही, क्लासचं अक्षर, आकडा आणि साल, तिन्ही एकत्र.

बोट डोळ्यासमोर आणायची असेल तर आपल्याकडे एक चांगली सोय आहे, विशाखापट्टणमला आरके बीचवर आयएनएस कुरसुरा वाळूवर ठेवलीय आणि आतून बघता येते. ती १९६९ मध्ये आपल्या नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली, आणि पुढच्या वर्षी म्युझियम झाली. रशियन बनावटीची, लांबी ९१ मीटर, म्हणजे हॉलब्रुकच्या बोटीच्या दुपटीपेक्षा मोठी आणि साठ वर्षांनी नवी. मी आत गेलो तेव्हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना प्रत्येक गोल दारातून आधी पाय, मग डोकं वाकवून खांदा, असं जायला लागत होतं, दोन्ही बाजूंना पाईप आणि व्हॉल्व इतके की हात टेकवायला कोरी जागा मिळत नव्हती. मधे एका ठिकाणी मी उभा राहिलो आणि मनात लांबी निम्मी केली. मग दारंसुद्धा काढून टाकली, कारण बी-क्लासमध्ये आत अशा वेगवेगळ्या खोल्याच नव्हत्या, इंजिन, बॅटरी, टॉर्पेडो, माणसं, सगळं एकाच पोकळीत. आणि मग त्यात नऊ तास. मला घाम फुटला होता आणि बाहेर तर समुद्राचा वारा होता. जमलं तर नक्की जाऊन या, दहा पुस्तकांनी जे होत नाही ते त्या वीस मिनिटांत होतं.

आता नोकरीचे कागद

आपल्याकडे सरकारी नोकरीत सर्व्हिस बुक असतं ना, कधी लागला, कुठं बदली, कधी बढती, साहेबांचा शेरा काय, तसंच ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांचं असतं. ते लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे आणि त्याचा गठ्ठा एडीएम १९६ या नंबराखाली येतो (एडीएम म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, त्यांचं नौदल खातं). त्यांच्या साइटवर नाव आणि जन्मतारीख टाकून शोधायचं. जन्मतारीख आधीच माहीत असू द्या कारण एकाच आडनावाचे बरेच निघतात. पान उघडलं की घाबरायचं नाही, बारीक हस्ताक्षर, संक्षेप, मधेच लाल शाई. डाव्या बाजूने जहाजांची नावं आणि तारखा असतात त्या आधी उतरवून घ्या, वरिष्ठांचे शेरे नंतर. शेरे म्हणजे आपल्याकडचा सीआरच, दोन-चार शब्दांत माणूस निकालात काढलेला असतो, त्यावर फार विसंबू नका, कुठल्या कॅप्टनने लिहिलंय ते बघून वजन द्या.

दुसरा कागद म्हणजे नेव्ही लिस्ट. ही सरळ सरळ ज्येष्ठता यादी, नाव, हुद्दा, हुद्द्याची तारीख, आणि सध्या कुठल्या जहाजावर. पहिल्या महायुद्धाच्या काळातले अंक स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवलेत. सर्व्हिस रेकॉर्डमधली तारीख आणि या यादीतली तारीख शेजारी शेजारी लावायची. छापील यादीला थोडा उशीर लागतो हे लक्षात ठेवा, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांचा फरक दिसला तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

या दोन्ही कागदांत नवख्या माणसाला तीन ठिकाणी हमखास ठेच लागते, मलाही लागली.

एक म्हणजे जहाजाचं नाव. पाणबुडीचा अधिकारी कागदावर बऱ्याचदा पाणबुडीवर नसतोच, तो डेपो शिपच्या (पाणबुड्यांना सांभाळणारं मोठं जहाज) किंवा तळाच्या नावावर असतो. बोट इतकी लहान की तिथं ना ऑफिस ना झोपायला धड जागा, सगळा कारभार डेपो शिपवरून चालायचा. म्हणजे रेकॉर्डमध्ये "डॉल्फिन" दिसलं की तो कुठल्या डॉल्फिन नावाच्या जहाजावर समुद्रात फिरत होता असं समजू नका, ते गॉस्पोर्टच्या फोर्ट ब्लॉकहाऊसमधल्या पाणबुडी तळाचं नाव आहे. तिथंच शिक्षण, तिथूनच पुढे नेमणूक. नावापुढे बारीक अक्षरात अमुक पाणबुडीसाठी असं लिहिलेलं असतं, ते शोधायचं.

दुसरी ठेच हुद्द्याची. लेफ्टनंट, लेफ्टनंट अँड कमांडर, लेफ्टनंट-कमांडर आणि कमांडर हे चार वेगळे प्रकार आहेत. लेफ्टनंट अँड कमांडर म्हणजे हुद्दा लेफ्टनंटच पण एखाद्या लहान बोटीची कमान त्याच्याकडे. लेफ्टनंट-कमांडर हा स्वतंत्र हुद्दा मार्च १९१४ मध्येच आला, त्याआधी आठ वर्षं ज्येष्ठता झालेला लेफ्टनंट एवढंच म्हणायचे. आणि मराठीत आपण सरसकट "कमांडर" लिहितो ते काम म्हणून, हुद्दा म्हणून नाही. वहीत दोन वेगळे रकाने करा, एक हुद्द्याचा आणि एक जबाबदारीचा, गोंधळ तिथेच संपतो.

तिसरी ठेच नावाची. नॅस्मिथने नंतर १९२० च्या दशकात आडनावाआधी डनबार लावलं, त्यामुळे पुढच्या नेमणुका शोधायच्या तर डनबार-नॅस्मिथ असं शोधावं लागतं नाहीतर वाटतं माणूस गायबच झाला. आणि ब्रोडी नावाचे तर दोघं, थिओडोर आणि चार्ल्स, जुळे भाऊ आणि दोघंही पाणबुडीवाले. थिओडोर ई-१५ घेऊन १७ एप्रिल १९१५ ला डार्डनेल्समध्ये शिरला, प्रवाहाने बोट किनाऱ्यावर नेऊन टाकली आणि तो तिथेच मारला गेला. त्या दिवशी आपली बोट कुठवर पोचली ते बघायला वरून जे विमान गेलं त्यात निरीक्षक म्हणून चार्ल्स बसला होता. अडकलेली बोट त्याने वरून पाहिली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री पुढचं काही वाचलं नाही. पण शोधणाऱ्यासाठी मुद्दा असा की "ब्रोडी" एवढ्यावर भागत नाही, आद्याक्षरं बघायचीच.

तरुण पोरांच्या हातात बोट का दिली

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, २६ वर्षांच्या मुलाकडे कमान कशी काय. उत्तर करिअरच्या रचनेत आहे. ब्रिटनची पहिली पाणबुडी हॉलंड-१ ऑक्टोबर १९०१ मध्ये पाण्यात उतरली, तिचा पहिला कमांडर लेफ्टनंट फॉर्स्टर अरनॉल्ड-फॉर्स्टर, आणि सगळ्या पाणबुड्यांची देखरेख कॅप्टन रेजिनाल्ड बेकनकडे. अख्खं खातंच नवं, जुना अनुभवी माणूस येणार कुठून? बोटी लहान म्हणून लेफ्टनंटला पुरायच्या. त्यात नौदलातल्या कितीतरी वरिष्ठांना हे काम पसंत नव्हतं, पाण्याखालून लपून मारणं म्हणजे मर्दपणाचं नाही असं वाटायचं. जो तरुण अधिकारी स्वतःहून यायचा त्याला जादा भत्ता मिळायचा, आणि मोठ्या युद्धनौकेवर वर्षानुवर्षं कोणाच्या तरी हाताखाली राहण्यापेक्षा इथं स्वतःची कमान लवकर मिळायची. आधी शिक्षण, मग कोणाच्या तरी बोटीत नंबर दोन, मग स्वतःची जुनी लहान बोट, मग मोठी, आणि मधे काही काळ परत मोठ्या जहाजावर, असा साधारण रस्ता. तुमच्या माणसाच्या यादीत हा क्रम दिसतो का ते बघा, कुठं तुटला असेल तर तिथंच काहीतरी घडलेलं असतं.

आणि धोका खरा होता. १८ मार्च १९०४ ला ए-१ वर एक प्रवासी जहाज आदळलं आणि आतले सगळे ११ जण गेले. ४ ऑक्टोबर १९१२ ला बी-२ ची डोव्हरजवळ अशीच टक्कर झाली, एकटा लेफ्टनंट पुलेन वाचला. युद्धाचा एकही टॉर्पेडो सुटायच्या आधीची ही माणसं आहेत. हॉलब्रुकच्या पिढीतला प्रत्येक जण यातल्या कोणाला तरी ओळखत असणार, म्हणून अपघातांची यादी काढून आपल्या माणसाच्या तारखांशेजारी ठेवा. करिअर म्हणजे त्याच्या एकट्याच्या नेमणुका नसतात, मेस टेबलावरची कुठली खुर्ची कधी रिकामी झाली तेही त्यात येतं.

मग तो दिवस

एवढं झाल्यावर पदकाकडे या. त्यासाठी लंडन गॅझेट, म्हणजे त्यांचं राजपत्र. साइटवर जुने अंक फुकट आहेत, तारखेने शोधायचं. हॉलब्रुकची नोंद २२ डिसेंबर १९१४ ची, घटनेनंतर अवघ्या नवव्या दिवशी. त्यात मोजक्या ओळी आहेत आणि प्रत्येक शब्द कामाचा आहे: प्रवाह फार अवघड, पाणसुरुंगांच्या पाच रांगांखालून बोट नेली, सुरुंगांवर पहारा देणाऱ्या मेसुदियेवर टॉर्पेडो मारला, तोफा आणि टॉर्पेडो बोटींचा मारा चुकवत बोट सुखरूप परत आणली, आणि एका वेळी सलग नऊ तास पाण्याखाली.

आता यातला एकेक शब्द उलगडायचा. अवघड प्रवाह म्हणजे काय? डार्डनेल्समध्ये वरचं पाणी मारमाराकडून एजियन समुद्राकडे वाहतं, म्हणजे आत जाणाऱ्याच्या थेट तोंडावर, आणि खालचं जास्त खारट पाणी उलटं वाहतं. दोन थरांची घनता वेगळी, त्यामुळे एका थरातून दुसऱ्यात गेलं की बोटीचा तोल बिघडतो, बोट एकदम वर उसळते नाहीतर खाली जाते. बी-११ चा पाण्याखालचा वेग जास्तीत जास्त सहा-सात नॉट, तोही बॅटरी टिकेल तोवर. म्हणजे बॅटरीचा अर्धा जोर नुसता पाण्याशी झगडण्यात जाणार. म्हणून बोट निवडताना जिची बॅटरी नवी आहे ती निवडली, आणि सुरुंगांच्या साखळ्या अडकू नयेत म्हणून बाहेर लोखंडी गार्ड बसवले. हे वाचताना कळतं की कामाची तयारी आधी होती, तो उठला आणि सुटला असं झालेलं नाही.

आणि या दिवसातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट टॉर्पेडो नाहीये, होकायंत्र आहे. बी-क्लासमध्ये होकायंत्र पोलादी बोटीच्या बाहेर असायचं, कारण आत पोलाद आणि विजेच्या मोटारी, सुई धड राहणार नाही. बाहेरच्या होकायंत्राचं चित्र भिंगांच्या नळीतून आत सुकाणूवाल्यापर्यंत आणायचे. टॉर्पेडो मारून परत फिरताना ती भिंगं धुकट झाली आणि आकडेच दिसेनात. विचार करा, वर सगळे जागे झालेत, तोफा सुरू आहेत, पाणी उथळ असल्याने बोट तळाला घासतेय, बाहेर पडायची वाट कुठल्या दिशेला आहे ते सांगणारं यंत्र आंधळं झालंय, आणि पुढे त्याच पाच रांगा परत ओलांडायच्यात. त्याने पेरिस्कोपमधून जेवढं दिसेल तेवढ्या अंदाजाने बोट काढली. "शूर" या शब्दात हे मावत नाही, यासाठी आधीची सगळी वर्षं लागतात, आणि तीच आपण वरच्या कागदांत शोधत होतो.

बोटीत तो एकटा नव्हता हेही लिहा. त्याचा नंबर दोन लेफ्टनंट सिडनी विन, त्याला डीएसओ हे अधिकाऱ्यांचं पदक मिळालं, आणि बाकी प्रत्येक खलाशाला डीएसएम हे खलाशांचं. खलाशांची रेकॉर्ड वेगळ्या गठ्ठ्यात आहेत, एडीएम १८८. मी प्रत्येक कमांडरबरोबर निदान एका खलाशाची नोंद काढतोच, कारण तिथं कमांडरच्या बोटीवर किती दिवस कोण टिकलं ते दिसतं. पाणबुड्यांची लॉगबुकं एडीएम १७३ मध्ये आहेत, पण सगळ्या बोटींची मिळतीलच असं नाही.

आणखी एक कागद लोक विसरतात, प्राइझ कोर्टचा, म्हणजे युद्धात पकडलेल्या-बुडवलेल्या जहाजांच्या बक्षिसाचा निवाडा करणाऱ्या कोर्टाचा. शत्रूचं लढाऊ जहाज बुडवलं की त्यावर जितकी माणसं होती त्या हिशोबाने डोई ५ पौंड बक्षीस बोटीवरच्यांना वाटायचे. मग जहाजावर माणसं किती होती हे कोर्टात दाखवावं लागायचं, त्यामुळे या सुनावण्यांमध्ये शत्रूच्या जहाजाची माहिती सापडते.

समोरच्याची बाजू

ही पायरी गाळू नका. मेसुदिये १८७४ मध्ये पाण्यात उतरलेली, आणि तीही लंडनच्या थेम्स आयर्नवर्क्समध्ये बांधलेली, पुढे इटलीत जेनोवाला नव्याने दुरुस्त केलेली. म्हणजे लंडनमध्ये तयार झालेलं चाळीस वर्षांचं जहाज पोर्ट्समथच्या पोराने बुडवलं. ती चनाक्कलेजवळ सारीसिग्लार खाडीत उथळ पाण्यात उभी होती, दहा-एक मिनिटांत कलंडली, ३७ जण गेले, पण पाणी उथळ असल्याने आणि कलंडलेल्या पत्र्याला भोकं पाडून आतल्यांना काढल्याने बहुतेक माणसं वाचली. पुढे तुर्कांनी तिच्या तोफा काढल्या आणि किनाऱ्यावर बसवल्या, त्या तोफांच्या ठाण्याला मेसुदियेचंच नाव दिलं, आणि १८ मार्च १९१५ ला ब्रिटिश-फ्रेंच आरमार सामुद्रधुनीत घुसायला आलं तेव्हा त्याच तोफांनी त्यांच्यावर मारा केला. हे तुर्की बाजूने वाचलं की नीट कळतं. मला हे कळल्यावर १३ डिसेंबरची पुढची तीन महिन्यांची गोष्ट जोडली गेली.

तुर्की तारखांचं एक लक्षात ठेवा. त्या वेळी त्यांचं सरकारी कॅलेंडर १३ दिवस मागे चालायचं आणि सालही वेगळं, त्यामुळे आपली १३ डिसेंबर १९१४ तिथं ३० तेशरिन-ए-सानी १३३० अशी दिसते. रशियन कागदांतही तोच १३ दिवसांचा फरक, बाल्टिकमधल्या ब्रिटिश पाणबुड्या शोधताना उपयोगी पडेल.

तारखेचाच आणखी एक सापळा. माझ्या वहीत १८ मार्च या एका तारखेवर तीन घटना आहेत: १९०४ ला ए-१ बुडाली, १९१५ ला डार्डनेल्सचा मोठा हल्ला, आणि त्याच १९१५ च्या १८ मार्चला उत्तर समुद्रात ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेने यू-२९ या जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलं. त्या यू-२९ चा कमांडर ओटो वेडिगेन होता, ज्याने २२ सप्टेंबर १९१४ ला यू-९ मधून तास-दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या होत्या आणि १,४५९ माणसं गेली होती. म्हणून तारीख लिहिताना शेजारी समुद्राचं नाव लिहायची सवय लावा.

पदकानंतरची वर्षं

इथं बहुतेक लोक शोध सोडतात आणि मला तर इथंच जास्त मिळालं. हॉलब्रुकच्या बाबतीत धागा ऑस्ट्रेलियात निघतो. न्यू साउथ वेल्समध्ये जर्मनटन नावाचं गाव होतं, युद्धात ते नाव नको झालं, म्हणून ऑगस्ट १९१५ मध्ये गावाचं नाव बदलून हॉलब्रुक ठेवलं. त्याने तोवर ते गाव पाहिलंही नव्हतं. नंतर तो तिथं जाऊन आला, एकदा नाही तर अनेकदा, शेवटचं १९७५ मध्ये, म्हणजे वय ८७ च्या घरात. ३ जुलै १९७६ ला तो गेला. ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह नावाच्या साइटवर फुकट वाचता येतात, गावाचं नाव आणि साल टाकून शोधा, स्थानिक पेपरात जे येतं ते नौदलाच्या फायलीत कधीच येत नाही.

दुसऱ्या कमांडरचं बघायचं तर मॅक्स हॉर्टन घ्या. १३ सप्टेंबर १९१४ ला ई-९ मधून त्याने हेला हे जर्मन क्रूझर बुडवलं आणि परत येताना समुद्री चाच्यांचा कवटीवाला झेंडा लावला, तिथून ब्रिटिश पाणबुड्यांमध्ये ती प्रथा पडली. हाच माणूस दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये सगळ्या ब्रिटिश पाणबुड्यांचा प्रमुख झाला आणि नोव्हेंबर १९४२ पासून लिव्हरपूलला बसून अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांची शिकार चालवायला लागला. पाणबुडीतून काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्याला स्वतःला माहीत होतं. किंवा डब्लिनचा हेन्री स्टोकर, ऑस्ट्रेलियाच्या एई-२ चा कमांडर, २५ एप्रिल १९१५ ला पूर्ण सामुद्रधुनी ओलांडली, पाच दिवसांनी बोट बुडवावी लागली, उरलेलं युद्ध तुर्कांच्या कैदेत, आणि नंतर नौदल सोडून रंगभूमीवर नट झाला. बोट १९९८ मध्ये मारमाराच्या तळाशी सापडली. म्हणजे अशा माणसाचा शोध घ्यायचा तर नौदलाची कागदपत्रं अर्धी आणि नाटकांच्या जाहिराती अर्ध्या.

आपल्याकडच्या माणसावर करायचं असेल तर पहिली आयएनएस कलवरी घ्या, ८ डिसेंबर १९६७ ला रिगामध्ये कमिशन झाली, कमांडर के. एस. सुब्रमण्यन. पद्धत हीच, आधी बोट, मग ज्येष्ठता यादी आणि राजपत्र, मग तारखा. फक्त इथं काही माणसं अजून बोलायला आहेत, त्यामुळे निवृत्त नौसैनिक कोणी ओळखीचं असेल तर कागदांच्या आधी त्यांच्याकडे जा, वही घेऊन, आणि पहिला प्रश्न पदकाचा विचारू नका. बोटीत झोपायला कुठं जागा मिळायची ते विचारा.

तक्ता पूर्ण झाला की शेवटची ओळ मी नेहमी वस्तूची ठेवतो, ती आता कुठंय. हॉलब्रुकच्या तक्त्यात तिथं असं आहे: व्हिक्टोरिया क्रॉस, १९८२ मध्ये पत्नी गुंडुला यांनी हॉलब्रुक गावाला दिला. त्याखाली अजून एक ओळ, गावाला पाणबुडी हवी होती तेव्हा त्यांनी १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची देणगी दिली, आणि ऑटवे नावाच्या निवृत्त पाणबुडीचा वरचा भाग आणून १९९७ मध्ये तिथल्या बागेत बसवला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हिरवळीवर.